ओटी भरलेली पाहुणी

साक्षरता वर्गाला कुलूप होतं, तरी रखमाबाई त्याची ओसरी झाडत होत्या. दारावरच्या पाटीवर दोन देशांचे झेंडे उन्हाने विटले होते.

"दोन देशांचा करार संपला म्हणं," मला पाहून त्या म्हणाल्या. "त्या करारावर शिकवायला आलेली परदेशातली पोर होती. आधी आमची भाषा शिकली, मग आम्हाला शिकवलं. जाताना लेकीसारखी ओटी भरली तिची. लेक माघारी येते ना?"

दूरच्या कुठल्याशा सभागृहात दोन देश हात मिळवतात, मुदत संपली की सोडतात. पण म्हातारपणी ज्या हाताला पहिल्यांदा खडू मिळाला, त्याला हे कोण सांगणार?

उरलेल्या धुळीत रखमाबाईंनी बोटाने स्वतःचं नाव लिहिलं.

"एवढं येतं. तिचं नाव लिहायला शिकायचं राहिलं," म्हणाल्या, आणि त्यावरून झाडू फिरवला.