सूनबाईचं नाक

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही भलतंच काहीतरी मागून उठले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि तुमच्यासमोर चांगली सून होऊन बसायची मला गरज नाही.

आधी माशांचं सांगते. म्हणजे मूळ गोष्ट लांबणीवर टाकते आहे, हे मला कळतंय. पण माशांशिवाय ती सांगता येणार नाही.

आमचं घर अकोल्यात. मागच्या अंगणात सिमेंटचं एक टाकं आहे, आठ फूट लांब, कमरेइतकं खोल. घरात सगळे त्याला तळंच म्हणतात. सासऱ्यांनी — मी त्यांना मामाजी म्हणते — निवृत्त झाल्यावर ते बांधून घेतलं. कडेला कमळाची कुंडी बुडवली, खंड्या पक्षी आणि मांजरं येऊ नयेत म्हणून वर हिरवी जाळी बांधली आणि त्यात मासे सोडले. लाल, पांढरे, ठिपक्यांचे. सगळ्यांत जुनी एक लाल-काळी मादी होती, तिला मामाजी मोठीबाई म्हणायचे. ते काठावर बसले की ती वर यायची आणि त्यांच्या बोटांतून दाणे घ्यायची. माझ्या हातचं कधी घेतलं नाही तिने.

अकोल्यात नळ रोज येत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. पाच दिवसांनी येतो. कधी आठ. आमच्याकडे तीन ड्रम — दोन आम्हा माणसांसाठी आणि निळा माशांसाठी. नळाचं पाणी तळ्यात थेट सोडायचं नसतं. त्यात ब्लीचिंग असतं, त्याने माशांचे कल्ले जळतात. म्हणून ते दोन दिवस उघड्या ड्रममध्ये ठेवायचं आणि वास गेला की थोडं थोडं सोडायचं. आपल्याकडे नळ आला की आधी शिळं पाणी ओतून, भांडी घासून ताजं भरायची पद्धत ना? माशांना मात्र शिळंच लागतं. मामाजी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे.

आता नाकाचं. कोरोनात मामाजींचा वास गेला, तो परत आलाच नाही. डाळ करपली तरी त्यांना कळत नाही. मग निळ्या ड्रमचा वास कोण घेणार? मी. दर वेळी हाक यायची, "सूनबाई, पाह्य बरं, वास गेला काय?" मी हातातलं टाकून जायचे, ड्रमवर वाकायचे आणि म्हणायचे, गेला मामाजी. किंवा, अजून एक दिवस ठेवा. ते लोकांना सांगायचे, "आमच्या सूनबाईचं नाक म्हंजे मशीन हाय." माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. माझ्यावर इतका विश्वास त्या घरात दुसऱ्या कोणी टाकला नव्हता.

आणि मला राग यायचा. साधा नाही — दात आवळून भांडी घासावी तसा. पोरं अर्ध्या बादलीत अंघोळ करायची. मी फरशी पुसायला कपड्यांचं वापरलेलं पाणी जपून ठेवायचे. आणि दोनशे लिटर पाणी उन्हात उघडं पडलेलं, कशासाठी, तर माशांसाठी! नवरा सकाळच्या गाडीने अमरावतीला नोकरीवर जायचा आणि दिवेलागणीला यायचा. मोटर, पाइप, ड्रम, सगळं माझ्या गळ्यात. मी कधी तोंड उघडून म्हणाले का, की मामाजी, हे मला झेपत नाही? एकदाही नाही. मी हसून वास घेत राहिले. त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

आता रशीदभाई. ते उन्हाळ्यात कूलर बनवायचे आणि वर्षभर मासे विकायचे. मामाजींची त्यांची वीस वर्षांची दोस्ती होती. दर रविवारी तळ्याच्या काठावर दोघांचा चहा व्हायचा आणि तो चहा मीच द्यायचे. नवा मासा जुन्यांत सोडण्याआधी काही दिवस वेगळा ठेवावा लागतो, म्हणजे रोग असला तर आधीच दिसतो. हे काम रशीदभाई स्वतःच करायचे. दुकानामागच्या टाकीत दहा दिवस ठेवल्याशिवाय ते मासा विकत नसत. लांबलांबून लोक त्यांच्याकडे यायचे ते एवढ्याच भरवशावर.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. रशीदभाईंनी आठ नवे मासे आणले. "दहा दिवस अलग ठेवले, भाऊसाहेब. बेफिकीर सोडा," म्हणाले. माशांची पिशवी अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवली, मग दोघांनी मिळून मासे सोडले. दुसऱ्या दिवशी मामाजी डोळे तपासायला अमरावतीला गेले, रात्री नणंदेकडेच राहणार होते. जाताना मला सांगून गेले — तळं वीतभर उतरलंय, निळ्या ड्रममधलं पाणी सोड.

निळ्या ड्रममध्ये पाणी नव्हतं. त्या पाण्यात मी पडदे धुतले होते. नऊ दिवस नळ आला नव्हता, पाइपलाइन फुटली होती. माझी बहीण दर्यापूरहून यायची होती आणि मला स्वच्छ पडदे हवे होते. एवढंच कारण. त्यात रडण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नळ आला. दुरुस्तीनंतरचं पाणी ते, ब्लीचिंग इतकं की डोळे चुरचुरले. मी पाइप ओढत नेला आणि सरळ तळ्यात टाकला.

इतकी वर्षं मी स्वतःला काय सांगत आले, माहीत आहे? चूक झाली. घाईत होते. बिचारीच्या लक्षात आलं नाही. — माझ्या लक्षात आलं नाही? माझ्या? ज्या घरातलं नाकच मी, तिथे मला वास आला नाही? मी तिथेच उभी होते. थोड्या वेळाने मासे वर आले, पाण्याबाहेर तोंडं काढून उघडझाप करू लागले. पाइप माझ्या पायाशी होता. वाकून उचलला असता तर झालं असतं. मी उचलला नाही. माझ्या मनात एकच शब्द होता — मरा.

सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते. मोठीबाई तेवढी एका अंगावर पडून कल्ले हलवत होती. मामाजी नऊच्या सुमाराला आले, तेव्हाही हलवत होती.

ते रडले नाहीत. नुसतं विचारलं, पाणी कोणतं टाकलं? मी म्हणाले, निळ्या ड्रममधलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. का विचारतील? मग त्यांना नवे आठ मासे दिसले, मेलेल्यांतले, आणि त्यांनी रशीदभाईंना फोन लावला.

रशीदभाई आले ते तसेच काठावर बसले. एक मासा उचलून त्याचा कल्ला बोटाने उघडून पाहिला. "हा रोग नाई, भाऊसाहेब. कल्ले जळले हायेत." मग ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं. "पाण्यात दवा हाय. वास घेऊन पाहा ना."

वास कोण घेणार?

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तू सांग. वास येते काय?"

मी पदर खोचला, वाकले, ओंजळ भरली. रात्रभरात थोडा उतरला होता, पण होता. झणझणीत होता. माझ्या शेजारी हातभर अंतरावर रशीदभाई बसले होते आणि त्यांना ठाऊक होतं की मला वास आला आहे.

मी म्हणाले, "नाई, मामाजी."

हेच सांगायचं होतं. मासे मारले हे नव्हे — तेही मारलेच. पण हे.

मग मामाजींचा बांध फुटला. झूट बोलले तुमी, दहा दिवस ठेवलेच नाईत, वीस वर्सं घरचा समजलो — आणि मग, "तुमी लोकं असेच." तुमी लोकं! वीस वर्षं एका काठावर चहा पिणाऱ्या माणसाला! मला मामाजींचा संताप येतो. ते शब्द त्यांच्या तोंडात इतके तयार कसे होते? कुठे ठेवले होते इतके दिवस? पण त्यांना बाहेर यायला वाट मी करून दिली. आणि ते ऐकूनही मी गप्प उभी राहिले, हात ओला तसाच ठेवून.

रशीदभाईंनी मामाजींकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "शब्द माहा होता, भाऊसाहेब," एवढं बोलून त्यांनी पँटला हात पुसला आणि स्कूटर काढली. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

मामाजींनी ही गोष्ट फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितली, त्यांनी पुढे सांगितली. मासे पाळणारे लोक शहरात असे कितीसे असतात? वर्षभरात रशीदभाईंनी मासे बंद केले. आता फक्त कूलर. मागच्या उन्हाळ्यात मी मनाचा हिय्या करून दुकानात गेले. रस्ताभर वाक्य घोकत होते. मागच्या टाक्या कोरड्या, त्यांत पत्र्याचे तुकडे टाकलेले दिसले. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणाले, कूलरचं गवत. त्यांनी मोजून गवत दिलं, मी घेऊन आले. अशी मी.

तळ्यात आता पुन्हा मासे आहेत. अमरावतीहून आणले. ड्रम तोच, नाकही तेच. मामाजींचं वय झालं आहे, पण पाहुणा आला की त्याला हाताला धरून तळ्यावर नेतात आणि रशीदभाईंनी कसं फसवलं ते सांगतात. सांगताना कुठे थांबायचं हेही त्यांचं ठरलेलं आहे. चहाचा ट्रे घेऊन मी पोचले की ते थांबतात आणि म्हणतात, "इचारा सूनबाईले. तिनं सोता वास घेतला होता."

वर मी लिहिलं की ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची आहे. तेही खरं नाही. गेल्या रविवारी नणंदेचे व्याही आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे काठावर ठेवला आणि म्हणाले, हो, मीच घेतला होता. अजिबात वास नव्हता.