पेटीचं गोडं पाणी

आमचं गाव तेल्हाऱ्याजवळ, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात धुतलेले केस वाळल्यावर केरसुणीसारखे होतात. गोडं पाणी नळाला येतं, तेही त्याच्या मर्जीने, म्हणून ते फक्त पिण्यापुरतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी खाऱ्या पाण्यानेच न्हाते आहे. तक्रार नव्हती, कारण घरात सगळेच तसे न्हायचे.

मग अंगणात बॅटरीवर चालणारा ट्रॅक्टर आला.

त्याच्या बॅटरीची पेटी लोखंडी. पहिल्यांदा चिखल धुवायला नवऱ्याने बोअरचंच पाणी घेतलं, तर झाकणाच्या कडेला, रंग खरचटला होता तिथे, तांबूस ठिपका उठला. नवऱ्याचा चेहरा असा उतरला, की माझ्या बाळंतपणातही तसा पाहिला नव्हता. ठिपका पॉलिश पेपरने घासला, रेड ऑक्साइड लावलं, वरून रंगाचा हात दिला. तेव्हापासून पेटीला फक्त गोडं पाणी. संध्याकाळी शेतातून आला की आधी तिची सेवा. तळाच्या भोकातला चिखल काडीने काढायचा, म्हणजे आत पाणी साचत नाही. मग ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या. कोरडं फडकं म्हणजे माझी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, मला न विचारता फाडलेली. माझ्या माहेरच्या कपाटाचे पाय गंजले, तेव्हा याने खाली विटा लावल्या होत्या.

सरळ सांगते, माझा जळफळाट व्हायचा. सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

एकदा न राहवून विचारलंच, "त्या पेटीले गोडं पाणी, अन् मले कावून नाही?"

तो हसला. "तुले काय गंज चढते?"

त्याला वाटलं, कौतुक केलं.

पुढच्या वेळी नळ आला, तेव्हा त्याने पेटीसाठी भरून ठेवलेली बादली मी उचलली. शिकेकाई घेतली आणि अंगणात, त्या ट्रॅक्टरसमोरच बसून न्हायले. केसांतून बोटं कुठेही न अडकता खाली आली.

तो चहा पिऊन बाहेर आला. रिकामी बादली पाहिली, मला पाहिलं. स्टिअरिंगवर वाळत घातलेलं मऊ फडकं काढून माझ्यापुढे धरलं.

"घे, केस पूस."

फडक्याला माझ्याच साडीचा काठ होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "ते तिचं हाये."

आणि पदराने केस पुसत आत गेले.