मधातून दिलेली कॅप्सूल

आमच्या घरात औषध खलात घोटून मधातून चाटवायचं. बाळाची मात्रा असो की म्हाताऱ्यांचं भस्म, अख्खं गिळायची पद्धतच नव्हती. "अख्खा गिळलेला अख्खाच भायर पडता," आई म्हणायची. लालबागच्या चाळीत तिच्या या शहाणपणाला कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही, आणि मी तर अकरावी सायन्सला होते! कपाळ माझं.

संपाचं दुसरं वर्ष. बाबा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली, पण वीस वर्षं छातीत गेलेला कापूस काही संपावर गेला नव्हता. दम्यासाठी डॉक्टरांनी नवीन कॅप्सूल दिली होती, सकाळी एक, रात्री एक. आत साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे. "एक बारा तास पुरते," ते म्हणाले होते. घरात अख्खं गिळायचं हे पहिलंच औषध, तरी कशी पुरते, ते आम्ही विचारलं नाही.

त्या दुपारी बाबांना श्वासच मिळेना. उशी पोटाशी धरून वाकून बसलेले, ओठ निळे पडलेले. "काय तरी कर गो!" आई ओरडली. मी कॅप्सूल उघडली, दाणे खलात ओतले आणि घोटत सुटले. लवकर भिनावं, एवढंच डोक्यात. एक पुरेल की नाही म्हणून दुसरीही फोडली आणि दोन्ही मधातून चाटवल्या.

पंधरा मिनिटांत बाबा मोकळे झाले. हसलेसुद्धा. मग हात थरथरायला लागले, उलट्या सुरू झाल्या, छातीची धडधड बनियनवरून दिसायला लागली. झटका आला. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्यांना जिना उतरवला.

इस्पितळात आईने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, त्या एकेका दाण्यावर कवच असतं. कशावर पातळ, कशावर जाड. ते हळूहळू विरघळतं, औषध थोडं थोडं बाहेर येतं. तुम्ही कवचच फोडलंत! दिवसभराचं औषध एकदम रक्तात गेलं. कुणी घोटलं हे?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत आई म्हणाली, "मी."

बाबा दुसऱ्या दिवशी गेले.

तेराव्याला आत्याने सगळ्यांदेखत आईला नवराखाऊ म्हटलं. बाबांच्या माणसांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. आणि मी गप्प. लिहायला लाज वाटते, पण गप्पच. माझं शिक्षण झालं, लग्न झालं, त्यात आत्या मिरवली, आई मागे उभी राहिली. तरीही गप्प.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा म्हटलं, "आत्याला बोलावते. सांगून टाकते सगळं. नाही सहन होत गं मला."

"खुळी काय तू? तुका अजून ह्याच माणसांत रव्हचा आसा. माजा काय, झाला."

ती गेली त्या दिवशी आत्या आली. दारातच म्हणाली, "सुटली बाई. माझ्या भावाला मारून एवढी वर्षं जगली."

मी म्हटलं, "आत ये आत्या. बस. पाणी आणते."