दुकान वाढवलं

अंधेरीच्या आमच्या ऑफिसचं शटर आज वॉचमनने कायमचं खाली ओढलं, तेव्हा ग्रीसचा वास आला. मला रडू वगैरे आलं नाही. बाबांचा साकीनाक्याचा गाळा मात्र आठवला.

मी तेव्हा कॉलेजात होते. गाळा विकला होता आणि तो शेवटचा दिवस होता. बाबांनी लेथ मशीन नेहमीसारखं चिंधीने पुसलं, उदबत्ती ओवाळली, दिवे मालवले. मी सहज विचारलं, "बाबा, झालं ना बंद?"

"बंद म्हणू नये गं," शटर ओढत ते म्हणाले. "वाढवलं म्हणावं. माझे आजोबाही दुकान वाढवायचे."

रोज संध्याकाळी ते हेच म्हणत, कारण सकाळी पुन्हा उघडायचं असे. त्या दिवशीही तेच म्हणाले. मला हसू आलं होतं. आज वाटतं, त्यांच्याकडे निदान एक शब्द होता. आम्हाला ईमेल आला.

घरी येऊन चपला काढल्या, पंखा लावला.

"मम्मी, आज लवकर?" लेकीने विचारलं.

"ऑफिस वाढवलं गं."

"झकास! किती मोठं केलं?"