साहेबांच्या गावचं कुरण

परदेशात, राबिघच्या रिफायनरीत मी फिटर होतो. आमचे सेफ्टी ऑफिसर इंग्रज, साठीकडे झुकलेले. दुपारी ते आमच्याच मेसमध्ये जेवायचे.

एकदा तिथे दोन चुलतभावांत जुंपली. दोघंही रत्नागिरीकडचे, एकाच गावचे. थोरल्याच्या बापाने गावच्या सामाईक कुरणाला तारेचं कुंपण घातलं, असा धाकट्याला घरून फोन आला होता.

"बापाला सांग, तार काढ."

"नाही काढणार. काय करशील?"

धाकट्याने कमरेचा पाना उपसून थोरल्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. थोरल्याने दुसऱ्या हाताने त्याचा गळा आवळला, डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भातावर रक्त उडालं. साहेब मधे पडले आणि पान्याचा दुसरा घाव त्यांच्या जबड्यावर बसला. दात फरशीवर पडले.

हॉस्पिटलात साहेब आणि थोरला शेजारशेजारच्या खाटांवर होते. मी बसलो असताना मॅनेजर आला. मारलं कुणी, असं त्याने विचारलं. थोरला नाव घेणार, तोच साहेब बांधलेल्या जबड्यातून म्हणाले, "जिन्यावरून पडलो. दोघंही." मॅनेजरलाही पोलीस नकोच होते.

तो गेल्यावर मी विचारलं, "साहेब, धाकट्याला का वाचवलंत?"

भांडण कशावरून झालं ते मी त्यांना सांगितलं होतं. थांबत थांबत ते बोलू लागले.

"माझं गाव एवढंसं. एक चर्च, थोडी घरं. फार पूर्वी जमीनदाराने तिथलं सामाईक कुरण असंच बंद केलं. लोकांनी कुऱ्हाडींनी कुंपण फोडलं. मग घोडेस्वार आले. गल्लीत माणसं तुडवली. एका बाईची कवटी टापांखाली फुटली. पुढारी कोण, ते कुणी सांगेना. शेवटी एकाने नाव फोडलं. त्या तरुणाला कुरणातच फासावर चढवलं, आईला समोर उभं करून. नाव फोडणारा आमच्या घराण्यातला. फाशी गेलेल्याच्या घरचे अजून चर्चमध्ये आमच्या बाकावर बसत नाहीत."

"आणि कुरण?" थोरल्याने विचारलं.

"जमीनदारालाच मिळालं."

थोरला भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

पुढे कंपनीने त्याला गावी पाठवलं. एक हात झोळीत असताना त्याने दुसऱ्या हाताने ती तार तोडली. बापाने त्याच हातावर काठी घातली, मनगट मोडलं.

ही बातमी फोनवर आली तेव्हा धाकटा माझ्याजवळ होता. तो तडक उठला. मेसमागच्या भिंतीवर जाऊन डोकं आपटू लागला. आम्हाला त्याला धरून खोलीत आणावं लागलं.