मोसम संपेपर्यंत गाव सोडायचं नाही

ये गं, अशी जवळ ये. दारात उभी राहून फोन चाळत बोललीस की मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं खरं वाटत नाही. चप्पल काढ आधी. आणि मघाशी काय म्हणालीस, काकू तुम्हाला खेळातलं काय कळतंय? शिकलेल्या पोरी अशाच बोलतात, दुसऱ्याचं आयुष्य त्यांना आपल्या जन्मापासून सुरू झालेलं वाटतं. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी दौंडच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा एक अख्खा मोसम काढला. खेळले नाही. नुसती अडकून पडले. ऐक आता, मधे बोलू नकोस.

तुझे काका तेव्हा कॉलेजात जिमखान्याचे शिपाई. आम्हाला मैदानाच्या कडेलाच दोन खोल्या दिल्या होत्या. बॉल, जाळ्या, कोपऱ्यातली निशाणं, रेषा मारायची पांढरी फक्की, सगळं आमच्या बाहेरच्या खोलीत. पीठ मळायला बसावं तर परातीशेजारी बुटांची पोती. दौंडात फुटबॉल रेल्वेमुळे आलेला. रेल्वे कॉलनीतली पोरं चालायला लागली की बॉल मारायला लागायची. कॉलेजच्या टीममध्ये निम्मी ती, आणि निम्मी पाटस, भांडगावकडची शेतकऱ्यांची. कॉलनीतल्या पोरांच्या पायात थोरल्या भावाचे जुने बूट, गावाकडची पोरं आधी अनवाणीच पळायची, मग बूट मिळाले की बदकासारखी चालायची. कॅप्टन इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, ख्रिस्ती. गळ्यात क्रूस, तोंडात मराठी, पण रागावला की हिंदी.

त्या साली पहिलाच सामना शिरूरच्या कॉलेजशी, आमच्या मैदानावर. माझं माहेर न्हावऱ्याचं, म्हणजे शिरूर तालुक्यातलं. पोरांनी मला सकाळपासून छळलं. "मावशी, आज तुमच्या माहेरच्यांना रिकाम्या हातानं धाडतो, वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, माहेरची माणसं रिकाम्या हातानं जात नसतात, तुम्हालाच काहीतरी द्यावं लागेल. मी नुकतीच देवासमोरून उठले होते, हाताला भंडारा लागलेला, पिवळाधम्मक. कॅप्टन समोर उभा होता. सहज त्याच्या कपाळाला बोट टेकवलं. मग दुसरा म्हणाला मला, तिसरा म्हणाला मला. अकरा कपाळं पिवळी करून मी चहा टाकायला आत गेले.

जिंकली की गं पोरं. दोन गोल करून जिंकली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं माझ्या तोंडानं. संध्याकाळी पोरं ओट्यावर बसली होती, कॅप्टननं विचारलं, मावशी हे पिवळं काय असतं. विचारणारं माणूस भेटलं की मला थांबता येत नाही, तुला माहीत आहे. मी सांगत सुटले. आम्ही मेंढरंवाले. माझं लहानपण घरात गेलंच नाही, मेंढरांमागं गेलं. पाऊस संपला की निघायचं, आज या रानात, उद्या त्या. जिथं उतरायचं तो आमचा तळ. सकाळी कळप चरायला निघाला की घरातली एक बाई म्होरक्या मेंढ्याला भंडारा लावून वाट देणार. आणि जिनं वाट दिली, तिनं कळप परत येईपर्यंत तळ सोडायचा नाही. तिचा पाय हलला की कळपाची वाट चुकते. माझ्या आईनं हे जन्मभर पाळलं, असंही मी वर सांगितलं. मोठ्या अभिमानानं सांगितलं.

पाटसचा गोलकीपर होता, हाडकुळा, बोटं मात्र ही लांब. तो म्हणाला, "मग आता तुम्ही आम्हाला वाट दिली म्हंजी..."

सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

हे सामने कसे असतात ठाऊक आहे का? हरला की घरी. जिंकला की पुढचा सामना. म्हणजे पोरं जिंकत राहिली की मोसम लांबत जाणार, आणि मोसम लांबला की मी दौंडात. दुसरा सामना पुण्याच्या पोरांशी झाला. त्यांच्याकडे सगळ्यांचे सारखे मोजे, ते बघूनच आमची निम्मी टीम हरली होती. बरोबरी झाली, शेवटी एकेकानं गोलकीपरसमोर बॉल मारायचा असतो तसं झालं, आणि आमच्या हाडकुळ्यानं दोन अडवले. त्या दिवसापासून माझं बाहेर जाणं बंद.

कुणी कडी लावली नाही गं. उलट इतकी सेवा कुणी सुनेची केली नसेल. बाजाराला पिशवी काढली की एक पोरगा पिशवी ओढून घ्यायचा. "मावशी, तुम्ही बसा, काय आणायचं सांगा." रॉकेलच्या रांगेत कॅप्टन. दळण गोलकीपरच्या खांद्यावर. मी पाटसला नणंदेकडे हळदीकुंकवाला जाते म्हटलं, तर नणंदच कुंकू घेऊन आली. तिला निरोप कुणी दिला देव जाणे. खेळाचे सर शिकलेला माणूस, ते असल्या गोष्टी मानत नव्हते. पण सामन्याच्या सकाळी तुझ्या काकांना हळूच विचारायचे, वहिनी आहेत ना घरी? तिसरा सामना बारामतीला. पोरं पहाटे टेम्पोत बसायच्या आधी ओट्यावर ओळीनं डोकी वाकवून उभी. लावला भंडारा. आणि दिवसभर फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही. कुणी बघत नव्हतं तरी गेले नाही. ते सगळ्यात वाईट. तोवर मला माझाच धाक बसला होता.

मैदानावर गोलाला जाळी बांधली की मला आमची वाघर आठवायची. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावतात ती दोरीची जाळी. लहानपणी मला वाटायचं ती लांडग्यासाठी असते. खिडकीशी तांदूळ निवडत त्या जाळीकडे बघताना पहिल्यांदा मनात आलं, लांडगा तर बाहेर मोकळाच असतो.

दिवाळीत सामने थांबले. मला वाटलं भाऊबीजेला जाऊन येईन. तुझे काका म्हणाले, मोसम संपलाय का? म्हटलं, नाही. मग, म्हणाले. एवढंच. ते वाईट नव्हते गं, पण टीम जिंकायला लागल्यापासून कॉलेजचे मोठे सायेबसुद्धा त्यांना नावानं हाक मारत होते, आणि त्यांना ते आवडत होतं.

मग भाऊच आला दौंडला. ओवाळून झालं, करंजी हातात घेतली, आणि खाली मान घालून म्हणाला, "आबा मेंढरं देत्यात."

वडील मेंढरं देतात म्हणजे काय, मला कळलंच नाही. कुणाला देतायत, किती दिवसांसाठी?

"समदीच. सोमवारी यापारी येतोय टेम्पो घेऊन. चरायला रान कुठं ऱ्हायलंय आता, जिथं तिथं ऊस. आबांचं गुडघं बी गेलं. तू ये म्हणालेत. दुसरं काय न्हाई बोलले, फकस्त ताईला सांग म्हणाले."

आता बघ, तुम्हा लोकांना माहेर म्हटलं की घर आठवतं. अंगण, चूल, आईचं कपाट. न्हावऱ्याचं घर माझ्या लग्नानंतर बांधलेलं. त्या घरात मी कधी आजारी पडले नाही, रुसले नाही, वाढलेच नाही. मी वाढले ती मेंढरांच्या उबेला. थंडीत कोकरू पोटाशी घेऊन झोपलेली मी. त्यातली जुनी मेंढरं कधीच गेली, पण कळप तोच ना. आईची लेक, लेकीची लेक, तोंडं तीच. तो कळप गेला की माझं माहेर गेलं. मला निदान ती टेम्पोत चढताना बघायची होती. एकदा नावानं हाक मारायची होती, मान वळवून बघतात का ते बघायचं होतं. एवढंच हवं होतं.

आणि सोमवारीच आमच्या मैदानावर सेमीफायनल.

तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. कढी नासली, भात करपला. एक वाईट गोष्ट सांगते, कुणाला सांगितली नाही आजवर. मी मनात म्हणायचे, देवा, हरू देत ही पोरं. मग तीच पोरं दळण घेऊन यायची, माझे डोळे लाल बघून विचारायची, मावशी तब्येत बरी नाही का, सरांना सांगून गोळी आणू का. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सोमवारी सकाळी मी लुगडं बदललं, पिशवी भरली आणि ओट्यावर आले. पोरं आलेलीच होती. कॅप्टनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चौफुल्याला गाडी बदलायची, आता निघाले तर दुपारपर्यंत पोचेन. तो ऐकत राहिला. तुझे काका मागून काही बोलायला लागले तर त्यानं हात करून त्यांना थांबवलं.

"मावशी, तुम्ही जा," तो म्हणाला. "हरलो तर आम्ही हरलो. तुमचं काय त्यात."

खरं सांगते, मनापासून म्हणाला. पण म्हणून झाल्यावर त्यानं सवयीनं डोकं वाकवलं, भंडाऱ्यासाठी. आणि त्याच्या मागं सगळी रांग. पाटसचा तो गोलकीपर माझ्या पिशवीकडे बघत होता, आणि त्याची लांब बोटं हातमोज्यात जायला तयार नव्हती. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदाही चुकलं.

मी पिशवी खाली ठेवली. हात भंडाऱ्यात घातला.

"जात न्हाई मी कुठं. खेळा."

कुणी मला अडवलं असतं तर भांडले असते. सोडलं म्हणून सुटता आलं नाही. हे तुला आत्ता कळायचं नाही, कळेल कधीतरी.

सामना मी ओट्यावर बसून पाहिला. पाहिला म्हणजे डोळे तिकडे होते. मालगाडी शिट्टी मारून गेली की वाटायचं आता टेम्पो आला असेल. आता फळी लावली असेल. आता म्होरक्याला आधी चढवत असतील, तो चढला की बाकीची आपोआप चढतात. तेवढ्यात आरडाओरडा झाला, पोरं एकमेकांवर पडली, एक गोल झाला होता. तुझे काका टोपी उडवत होते. मी पण टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते, मी तिथं नव्हते.

फायनल आठवड्यानं पुण्याला. भंडारा लावून पाठवली पोरं, आणि मी घरात. हरली. चार गोल खाऊन हरली. अंधार पडायच्या आत परत आली, एकेक जण बूट पोत्यात टाकून गेला. शेवटी कॅप्टन उरला. बराच वेळ ओट्यावर बसला, मी पाणी दिलं ते पिऊन म्हणाला, "मावशी, आता तुम्ही मोकळ्या."

त्याला खरंच चांगलं बोलायचं होतं. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला गेले. घरामागं वाघर गुंडाळून ठेवलेली. जमीन लेंड्यांनी काळी, वास अजून होता. आबा बाजेवर बसले होते, पाठ तिकडे करून. माझ्याकडे बघून म्हणाले, आलीस व्हय, जेव.

आई भाकरी थापत होती. मी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. टीम, भंडारा, वाट देणं, पाय न हलवणं. म्हटलं, तुझी रीत पाळली बघ मी. पाळली म्हणून मेंढरं बघायची राहिली. मला वाटलं ती पाठीवरून हात फिरवेल. तिनं भाकरी उलटली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं खुळ्या माणसाकडे बघतात.

"आगं, देवाचं काय बी न्हाई त्यात," ती म्हणाली. "तळावर कोकरं आसायची, म्हातारी आसायची, तान्ही पोरं आसायची. कुणी तरी मागं ऱ्हायला पायजे का नगं? नुसतं 'ऱ्हा' म्हटलं आसतं तर कोन ऱ्हायलं आसतं? म्हणून माझ्या सासूनं देवाच्या नावावर घातलं. मला तिनंच मरताना सांगितलं."

"आन् तू? कळल्यावर पण ऱ्हायलीस?"

"मग कोकरं कुणी बघितली आसती?" तवा खाली उतरवत ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच पुढं विचारलं, "त्या तुझ्या पोरांपाशी कोकरं व्हती का?"

नव्हती गं. अकरा दांडगे पोरगे, एक शिट्टीवाले सर आणि टोपी उडवणारा नवरा. माझ्यावाचून एकाचंही अडलं नसतं.

पुढच्या साली पहिल्या सामन्याला पोरं पुन्हा ओळीनं आली. भंडारा लावला, का लावू नये? आणि लावून झाल्यावर पिशवी उचलली. गोलकीपर म्हणाला, मावशी, कुठं? म्हटलं, आईकडं, आणि तुझी बोटं मोज्यात जातील, उगाच थरथरू नकोस. शिट्टी व्हायच्या आधी मी गाडीत बसले होते. तो सामना कुणी जिंकला, आता आठवत नाही. आई मात्र त्या वेळी दारातच भेटली, शेंगा फोडत बसलेली. आम्ही दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत फोडल्या.

आता ऊठ, तुझी गाडी चुकेल. आणि हे बघ, परीक्षा आहे, सुट्टी नाही, त्याला काय वाटेल, तिला काय वाटेल, असली कारणं मला फोनवर सांगू नकोस. कुठलं कोकरू तुझ्यावाचून अडलंय ते आधी बघ, आणि नसेल अडलं तर ये. लवकर ये. पुढच्याच महिन्यात ये, हुरडा असतो तेव्हा.