दादाच्या कॉम्प्युटरमधली हाक

दादा गेल्यावर त्याचे कपडे आम्ही महिन्याभरात वाटून टाकले. मलकापूरच्या पुढं घाटात अपघात झाला तेव्हाची मोटरसायकल परत घरी आणलीच नाही. कॉम्प्युटर तेवढा राहिला. तो कुणाला द्यावा हे सुचलं नाही आणि वापरायलाही कुणी धजलं नाही. त्याच्यावर वहिनीनं भरतकामाचा रुमाल टाकून ठेवला होता.

घरात आम्ही तिघं उरलो होतो. आई, वहिनी आणि मी. वडील मी शाळेत असतानाच गेले. दादा गेला तेव्हा त्याच्या लग्नाला चौदा महिने झाले होते. वहिनी हातकणंगल्याची. तिनं माहेरी जावं असं आम्ही म्हटलं नाही, इथंच राहावं असंही म्हटलं नाही. ती राहिली आणि सगळा स्वयंपाक करू लागली.

आईनं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जायचं सोडलं होतं. दर्शनाला गेलं की बायका जवळ घेऊन रडतात, ते तिला नको वाटायचं. दिवसभर ती बंद टीव्हीपुढच्या कॉटवर बसून असायची. तिला घरीच स्तवनं आणि प्रवचनं ऐकू यावीत, एवढंच माझ्या मनात होतं. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, ड्रॉइंग करायचो. तिथला एक सोबती म्हणाला, "फुकटचं सॉफ्टवेअर हाय की. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा. गाणी, फोटो, पिक्चर, सगळं रिमोटवर चालतंय." त्यानं सीडीसुद्धा करून दिली.

सोमवारी कारखान्याला सुट्टी. दादाचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडण्यात दोन सोमवार गेले. टीव्हीला जोडायची वायर मिळाली, तर चित्र काळं-पांढरं दिसायला लागलं. ते रंगीत झालं, तर आवाज येईना. आई बघत होती. दुसऱ्या सोमवारी दुपारी टीव्हीवर मोठ्या अक्षरांत 'गाणी', 'फोटो', 'व्हिडिओ' असं उमटलं. तेवढी मराठी अक्षरं मीच भरली होती. सॉफ्टवेअरनं विचारलं, कुठं कुठं शोधू? वेगवेगळे फोल्डर दाखवत बसायचा मला कंटाळा आला आणि मी सगळी डिस्क दाखवून टाकली.

स्तवन लागलं. आई पहिल्यांदा भिंतीला टेकून नीट बसली. रिमोटचं कुठलं बटण दाबायचं ते मी तिला तीनदा दाखवलं. "जमतंय की," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं होतं.

स्तवन संपलं. आई तांदूळ निवडत होती. थोडा वेळ कुणी बटण दाबलं नाही, तसा पडदा अंधारला आणि त्याच्यावर आपोआप फोटो फिरायला लागले. मोटरसायकलवर बसलेला दादा. रंकाळ्यावर भेळ खाताना वहिनी. इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडपुढं उभा असलेला दादा, शर्टावर कापसाची भुकटी. आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. मी रिमोट उचलला.

"राहू दे," आई म्हणाली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती परत आत गेली. मी रिमोट खाली ठेवला.

चार दिवसांत आईला व्हिडिओ सापडले. दादानं छोटा कॅमेरा घेतला होता, त्यात घेतलेले ते तुकडे होते. एक जेमतेम अकरा सेकंदांचा. त्यात दादा दिसतही नाही, अंगणातली तुळस हलताना दिसते आणि त्याचा आवाज येतो, "अगं, कुठं हाईस? ये की बाहेर. लवकर ये." तो वहिनीला बोलवत होता. आई तोच लावायची. संपला की परत लावायची. मी कामावरून यायचो तेव्हा फाटकातच तो आवाज ऐकू यायचा.

एका संध्याकाळी लवकर जेवणं झाल्यावर वहिनी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. मला पाहून म्हणाली, "भावजी, तो आवाज तेवढा बंद करा."

"आईला तेवढाच विरंगुळा आहे, वहिनी."

"व्हय, कळतंय मला. पण आज भाकरी थापताना मी दोनदा 'आले' म्हणाले. पिठाच्या हातानं बाहेर आले. आई माझ्याकडं बघतच राहिल्या."

"बघतो," मी म्हणालो. बघितलं काही नाही. आईला सांगायचं कसं, याचाच विचार करत राहिलो. खरं तर तो आवाज मलाही हवा होता. हे मी वहिनीला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी वहिनीचे वडील आले. आठ दिवसांसाठी नेतो म्हणाले. वहिनी आईच्या पाया पडली. तिची पेटी आठ दिवसांच्या मानानं जड होती. ती मीच उचलून रिक्षात ठेवली. महिना झाला तरी ती आली नाही.

मग मी दादाचं फोल्डर बाजूला काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आई रिमोट घेऊन बराच वेळ शोधत होती.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"मशीन न्हाय बिघडलं. तू काढलंस." तिचा आवाज चढला नाही. "ती गेली म्हणून काढलंस व्हय? मग ती हुती तवा का न्हाय काढलंस?"

मी ते फोल्डर परत होतं तिथं ठेवलं, तो तुकडा लावला आणि आईपुढं बसलो. तुळस हलली, दादा बोलला. आईनं रिमोट मागून घेतला आणि टीव्ही बंद केला.

"आत कोणच न्हाय," ती म्हणाली. "आता कुणाला बोलवतोय त्यो?"

त्यानंतर तिनं ते कधी लावलं नाही. स्तवनंही नाहीत.

वहिनीला द्यायला म्हणून मी सगळे फोटो सीडीवर घेऊन हातकणंगल्याला गेलो. तिच्या आईनं चहा दिला, जेवून जा म्हटलं. वहिनीनं सीडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि मला परत दिली. "इथं कॉम्प्युटर न्हाय," ती म्हणाली. मग आमच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

दोन वर्षांनी तिचं दुसरं लग्न झालं. घरच्या घरीच केलं म्हणे. आम्हाला ते ओळखीच्या एका बाईकडून कळलं. आई म्हणाली, "बरं झालं." मग वहिनीचा तो भरतकामाचा रुमाल काढून तिनं परत कॉम्प्युटरवर टाकला.